व्यायामालाही मात्रा असते: स्वामी कुवलयानंद यांचे जीवन

काही वर्षांपूर्वी जालन्याच्या मोंढ्यात हमाली करणारा एक रुग्ण माझ्याकडे आला. सोयाबीनची गोणी उचलताना त्याच्या कमरेत उसण भरली होती. तपासून मी वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या, दोन-तीन दिवस जपून राहायला सांगितले आणि शेवटी म्हटले की मग व्यायाम सुरू करा. कोणता आणि किती, असे त्याने विचारले. बाहेर रुग्णांची रांग होती. मोबाइलवर बघा, असे सांगून मी मोकळा झालो.

त्याने खरोखरच मोबाइलवर बघितले. पायाच्या बोटांना हात लावण्याचा व्यायाम रोज पन्नास वेळा केला. दोन आठवड्यांनी परत आला तेव्हा दुखणे कमरेतून पोटरीपर्यंत उतरले होते. मग त्याला फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. तो बरा झाला, पण त्याला तीन महिने लागले आणि ऐन आवकेच्या हंगामातली मजुरी बुडाली.

चूक माझी होती. गोळी लिहिताना मी नाव, मात्रा, वेळ आणि दिवस असे सगळे लिहिले होते. व्यायाम मात्र एका शब्दात उरकला होता.

फिजिओथेरपिस्टने त्याला जे व्यायाम शिकवले, त्यांना पिलाटेस म्हणतात. हे नाव ऐकले की घरच्यांना ते शहरातल्या जिमचे काहीतरी महागडे खूळ वाटते. म्हणून हल्ली मी रुग्णांना आपल्या महाराष्ट्रातल्या एका माणसाची गोष्ट सांगतो. व्यायाम हे औषध असेल तर त्याची तपासणी, मात्रा आणि पथ्यही असले पाहिजे, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी लोणावळ्यात ओळखले होते. त्यांचे नाव स्वामी कुवलयानंद. पिलाटेस पद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते जर्मनीचे जोसेफ पिलाटेस आणि कुवलयानंद यांचा जन्म एकाच वर्षी, १८८३ मध्ये झाला.

डभोईचा जगन्नाथ

स्वामीजींचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. बडोदे संस्थानातील डभोई या गावी ३० ऑगस्ट १८८३ रोजी एका मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची होती आणि शिक्षणासाठी इतरांच्या मदतीवर अवलंबून राहावे लागले. मुलगा मात्र हुशार होता. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांना संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली आणि बडोदा कॉलेजचा दरवाजा उघडला.

त्या काळी बडोद्याच्या कॉलेजात अरविंद घोष शिकवत असत. बाहेर लोकमान्य टिळकांच्या राजकारणाने तरुण भारावले होते. गुणेही त्यातलेच. देशासाठी काही करायचे तर शरीर आणि मन दोन्ही कणखर हवे, ही त्या पिढीची भावना होती. विद्यार्थी असतानाच त्यांनी अविवाहित राहून समाजाचे काम करायचे ठरवले.

माणिकरावांच्या आखाड्यात

१९०७ ते १९१० या काळात गुणे बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात राजरत्न माणिकरावांकडे शिकले. माणिकराव हे त्या काळातले मोठे नाव. कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम अशा देशी व्यायामांचे ते गुरू होतेच, शिवाय हाडवैद्य म्हणूनही त्यांची ख्याती होती.

आपल्याकडे आखाडा आणि दुखापतीचा इलाज हे जुने शेजारी आहेत. कुस्ती खेळणाऱ्याचा खांदा निखळायचा, गुडघा मुरगळायचा. ज्याला शरीर घडवता येते त्यालाच ते दुरुस्त करण्याचीही थोडीफार जाण असे. गुण्यांची व्यायामाशी ओळख अशा ठिकाणी झाली. व्यायाम म्हणजे नुसते पिळदार दंड नव्हेत, शरीर कुठे ताणले जाते आणि कुठे बिघडते याचे भान त्याच्यासोबत यावे लागते, हे तिथे रोज डोळ्यांसमोर दिसत असणार.

माणिकरावांकडे आणखी एक गोष्ट होती: शिस्त. मोठ्या समूहाला ठरावीक आज्ञांवर, ठरावीक क्रमाने व्यायाम करायला लावण्याची पद्धत. तिचा उपयोग गुण्यांना पुढे झाला.

अमळनेर ते मालसर

१९१० मध्ये पदवी घेतल्यावर गुणे शिक्षणक्षेत्रात आले. पुढे साने गुरुजी ज्या अमळनेरात शिक्षक झाले, त्याच अमळनेरात खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या संस्थेत त्यांनी शिकवले आणि तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्यही होते. विद्यार्थ्यांना भारतीय संस्कृती शिकवताना त्यांच्या लक्षात आले की गावोगावच्या लोकांमध्ये जशी निरक्षरता आहे, तशाच आरोग्याविषयीच्या अंधश्रद्धाही आहेत.

१९१९ साली नर्मदेच्या काठी मालसर येथे त्यांची परमहंस माधवदासजी यांच्याशी भेट झाली. मूळचे बंगालचे असलेले माधवदासजी योगातले जाणकार होते आणि आजारी माणसांसाठीही योगक्रियांचा उपयोग करत. गुण्यांनी त्यांच्याकडे आसने, बंध, प्राणायाम आणि शुद्धिक्रिया शिकून घेतल्या.

इथे त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण लागले. या क्रियांचा परिणाम होतो, हे ते पाहत होते. पण गुरूंनी सांगितले म्हणून मान्य करायचे किंवा जुने आहे म्हणून झिडकारायचे, हे दोन्ही त्यांच्या स्वभावात बसेना. शरीराच्या आत नेमके काय घडते, हे त्यांना बघायचे होते.

क्ष-किरणांसमोर पोट

१९२०-२१ मध्ये गुण्यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांना सोबत घेऊन बडोद्याच्या रुग्णालयात प्रयोग सुरू केले. ते स्वतः डॉक्टर नव्हते. त्यामुळे जिथे यंत्रे आणि तज्ज्ञ होते, तिथे ते गेले.

प्रयोगासाठी त्यांनी पोटाच्या दोन क्रिया निवडल्या. पहिली उड्डियान बंध. यात श्वास पूर्ण सोडून पोट आत आणि वर ओढले जाते. दुसरी नौली. यात पोटाच्या मध्यभागातील उभे स्नायू वेगळे काढून पुढे आणले जातात. विद्यार्थी ही क्रिया करत असताना क्ष-किरणांनी पोटाच्या आतले चित्र पाहिले गेले आणि आतला दाब मोजला गेला. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे दिसून आले. नळीवाटे पाणी आत का ओढले जाते, या जुन्या प्रश्नाचे उत्तर असे आकड्यांत मिळाले. गुण्यांनी या निर्वात स्थितीला आपल्या गुरूंचे नाव दिले.

आज एखाद्याला हा प्रयोग किरकोळ वाटेल. पण विचार करा. शतकानुशतके चालत आलेली क्रिया प्रथमच अशा रीतीने यंत्रासमोर उभी राहिली होती. आणि तिला उभे करणारा माणूस तिचा विरोधक नव्हता, तर तिच्यावर प्रेम करणारा साधक होता.

लोणावळा, १९२४

ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. स्वामी कुवलयानंद या नावाने आता ते ओळखले जाऊ लागले. त्याच वर्षी योगमीमांसा हे त्रैमासिक सुरू झाले. त्यात साधकांसाठी आसनांची सचित्र माहिती असे आणि शेजारीच प्रयोगशाळेतील नोंदी: क्ष-किरणांची छायाचित्रे, दाबाचे आकडे, आलेख.

शीर्षासन आणि सर्वांगासन करताना रक्तदाबाचे काय होते, हे तिथे मोजून बघितले गेले. प्राणायामामुळे शरीरात खूप जास्त प्राणवायू जातो, ही समजूतही तपासली गेली. मोजमापातून तिला आधार मिळाला नाही, तेव्हा स्वामीजींनी ते लपवले नाही. प्राणायामाचा फायदा दुसऱ्या कारणांत शोधला पाहिजे, अशी भूमिका त्यांनी घेतली. आपल्याला प्रिय असलेल्या गोष्टीविषयी नको असलेला निष्कर्ष छापायला धैर्य लागते.

त्याच वर्षी जन्मलेला दुसरा माणूस

स्वामीजी लोणावळ्यात प्रयोगशाळा उभी करत होते, त्याच सुमारास युरोपातला एक माणूस आपली व्यायामपद्धती घेऊन अमेरिकेच्या वाटेवर होता. जोसेफ पिलाटेस यांचा जन्म ९ डिसेंबर १८८३ रोजी जर्मनीतील मोंशनग्लाडबाख येथे झाला. लहानपणी ते अशक्त आणि आजारी होते, असे त्यांच्या चरित्रांत येते. पुढे ते इंग्लंडला गेले. पहिले महायुद्ध सुरू झाले आणि जर्मन नागरिक म्हणून त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. आयल ऑफ मॅन बेटावरच्या नोकालो छावणीत त्यांनी युद्धाची वर्षे काढली. तिथे पलंगाच्या स्प्रिंगा वापरून अंथरुणाला खिळलेल्यांकडून व्यायाम करून घेतल्याची कथा पिलाटेसचे शिक्षक आजही सांगतात.

१९२६ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. क्लारा यांच्यासोबत त्यांनी तिथे एट्थ अ‍ॅव्हेन्यूवर व्यायामाचा वर्ग चालवला. आपल्या पद्धतीला ते कंट्रोलॉजी म्हणत, म्हणजे शरीरावर ताबा ठेवण्याचे शास्त्र. स्प्रिंगांवर सरकणारी पाटी, पट्टे आणि दांडे लावलेला पलंग अशी साधने त्यांनी बनवली. नृत्य करणारे कलाकार त्यांच्याकडे येऊ लागले, कारण घोटा किंवा कंबर दुखावली की त्यांचे पोटच बंद पडायचे. मोंढ्यातला हमाल आणि न्यूयॉर्कची नर्तकी, शरीर हेच भांडवल असलेल्यांची अडचण सगळीकडे सारखीच.

पिलाटेस यांचे निधन १९६७ मध्ये झाले. डॉक्टरांनी आपली पद्धत स्वीकारली नाही, ही खंत त्यांना शेवटपर्यंत होती. त्यांच्यानंतर, १९८० च्या दशकात, सॅन फ्रान्सिस्कोच्या एका रुग्णालयात नर्तकांच्या दुखापतींवर उपचार करताना हे व्यायाम वापरले जाऊ लागले. पुढे फिजिओथेरपिस्टनी त्यात बदल केले आणि मूळचे अवघड प्रकार दुखऱ्या माणसाला झेपतील असे सोपे केले. तुमचे फिजिओथेरपिस्ट शिकवतात ते हे बदललेले रूप.

पिलाटेस आणि कुवलयानंद यांची पद्धत एक नाही. एकाचे ध्येय शरीरावरचा ताबा, दुसऱ्याचे त्याच्याही पलीकडचे. पण हळू करा, श्वास सांभाळा, पोट आणि पाठ यांच्या स्नायूंकडे लक्ष द्या आणि संख्येपेक्षा नेमकेपणा बघा, हे दोघांच्या शिकवणीत समान आहे.

रुग्ण दारात येतात

लोणावळ्याची कीर्ती पसरली तसे आजारी लोक तिथे येऊ लागले. १९२७ मध्ये रक्तदाबामुळे महात्मा गांधींची प्रकृती बिघडली, तेव्हा त्यांनी आसनांबाबत कुवलयानंदांचे मार्गदर्शन घेतले. दोघांमध्ये त्याविषयी पत्रव्यवहार झाला.

१९३२ मध्ये मुंबईत शाखा निघाली आणि १९३६ मध्ये ती मरीन ड्राइव्हवर ईश्वरदास चुनीलाल यौगिक आरोग्य केंद्र म्हणून स्थिरावली. हिमालयातील गुहेत नव्हे, तर गिरगाव चौपाटीजवळ, कामावर जाता-येता योगोपचार घेता येऊ लागले.

याच काळात त्यांची आसने आणि प्राणायाम यांवरची पुस्तके आली. डॉक्टर म्हणून मला त्यांतला सर्वांत महत्त्वाचा भाग सावधगिरीच्या सूचनांचा वाटतो. कान वाहत असेल, डोळ्यांच्या रक्तवाहिन्या नाजूक असतील, हृदय कमजोर असेल तर शीर्षासन-सर्वांगासनासारखी आसने करू नयेत. रक्तदाब फार जास्त किंवा फार कमी असेल तर स्वतःच्या जबाबदारीवर सुरुवात करू नये. कुठेही झटका देऊ नये, दमछाक होऊ देऊ नये. आजारामुळे खंड पडला तर पुन्हा सुरू करताना प्रमाण कमी करावे. पूर्ण अभ्यासक्रम, छोटा अभ्यासक्रम आणि सोपा अभ्यासक्रम असे वेगवेगळे टप्पेही त्यांनी दिले, म्हणजे ज्याच्या शरीराला जे झेपेल ते त्याने घ्यावे.

औषधाच्या बाटलीवर जे छापलेले असते, तेच हे. किती घ्यायचे, कोणी घेऊ नये आणि केव्हा थांबायचे.

शिकवणारे घडवायचे काम

व्यायाम एकट्या गुरूवर अवलंबून राहिला तर गुरू गेला की विद्या गेली. म्हणून स्वामीजींनी शिक्षक घडवण्यावर भर दिला. मुंबई प्रांतात शाळांच्या शारीरिक शिक्षणाच्या आखणीत त्यांनी भाग घेतला आणि वर्गात समूहाने करता येईल असा यौगिक व्यायामाचा क्रम बसवला. माणिकरावांच्या आखाड्यातली शिस्त इथे कामी आली.

परदेशातूनही अभ्यासक येत राहिले. येल विद्यापीठात काम करणारे के. टी. बेहनन यांनी स्वामीजींच्या मार्गदर्शनाखाली योगाचा अभ्यास केला आणि १९३७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्याच दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील जोसेफिन रॅथबोन लोणावळ्याला आल्या. शरीरातील दोष व्यायामाने सुधारणे हाच त्यांचा अध्यापनाचा विषय होता. आज जगभर मानली जाणारी अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन ही संस्था १९५४ मध्ये स्थापन करणाऱ्यांत त्याही होत्या. उपचारासाठी व्यायाम शिकवणारी बाई इतक्या दूरवरून लोणावळ्यात शिकायला आली, हे आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नसते.

१९५० च्या सुमारास लोणावळ्यात योगाचे महाविद्यालय सुरू झाले आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला योगोपचारांचे रुग्णालय. १९६३ मध्ये स्वामीजी आणि डॉ. एस. एल. विनेकर यांनी मिळून योगोपचारांच्या तत्त्वांवर व पद्धतींवर एक पुस्तक लिहिले. ते केंद्र सरकारच्या आरोग्य शिक्षण विभागाने प्रकाशित केले. योग जाणणारा आणि वैद्यक जाणणारा यांनी एकत्र बसून लिहिले, ही त्या पुस्तकातली मोठी गोष्ट.

१८ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, स्वामीजींचे निधन झाले. त्यांनी उभी केलेली संस्था लोणावळ्यात आजही सुरू आहे.

त्यांच्या काळाच्या मर्यादा

स्वामीजींच्या प्रयोगांत भाग घेणारी माणसे थोडी असत. आज एखाद्या उपचाराचा परिणाम ठरवायचा तर रुग्णांचे दोन गट करून तुलना केली जाते. ती पद्धत तेव्हा रूढ नव्हती. म्हणून त्यांचा प्रत्येक निष्कर्ष आज तसाच्या तसा धरता येणार नाही. मोजून बघण्याची वृत्ती मात्र आपण घेतली पाहिजे.

हीच वृत्ती पिलाटेसलाही लावू. कंबरदुखीसाठी पिलाटेसचा किती उपयोग होतो, यावरचे प्रयोग एकत्र करून कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये आढावा घेतला. काहीच विशेष उपचार न करण्यापेक्षा पिलाटेसने दुखणे आणि हालचालीतील अडचण कमी होते, असे त्यात दिसले. पण इतर चांगल्या व्यायामांपेक्षा ते सरस आहे, असा ठोस पुरावा मिळाला नाही.

याचा अर्थ सरळ आहे. पिलाटेस हा चांगला पर्याय आहे, जादू नाही. तुमच्या फिजिओथेरपिस्टने दुसरा व्यायाम दिला तर काही हुकले असे समजू नका. नावापेक्षा तीन गोष्टी महत्त्वाच्या: तुम्हाला तपासून दिलेला, झेपेल एवढा आणि नियमाने केलेला व्यायाम.

दुखापतीनंतर मार्गदर्शन का लागते

कंबर, गुडघा किंवा खांदा दुखावला की शरीर त्या भागाला जपू लागते. जवळचे छोटे स्नायू सुस्तावतात आणि दूरचे मोठे स्नायू त्यांचे काम ओढून नेतात. दुखणे थांबले तरी हे छोटे स्नायू आपोआप पूर्ववत होतातच असे नाही. मग पुन्हा गोणी उचलली, कापूस वेचताना दिवसभर वाकले किंवा खड्ड्यात मोटारसायकल आदळली की तीच जागा पुन्हा धरते. पुन्हा होणारी दुखापत टाळायची असेल, तर दुखणे थांबल्यावरच खरे काम सुरू होते.

ही गोष्ट आरशात दिसत नाही आणि व्हिडिओतल्या माणसाला तर तुम्हीच दिसत नाही. पोट आत घेतले आहे की नुसता श्वास रोखला आहे, पाय उचलताना कंबर वळते आहे का, हे बाहेरून बघणाऱ्याला कळते. फिजिओथेरपिस्टचे काम तेच. ते आधी तपासतात, मग दोन-चार हालचाली निवडतात आणि तुम्ही सुधाराल तशी मात्रा वाढवतात.

यासाठी महागडी यंत्रे लागतातच असे नाही. बरेचसे व्यायाम घरी चटई किंवा सतरंजीवर करता येतात. फिजिओथेरपिस्टकडे जाल तेव्हा एवढे नक्की विचारा:

- मला नेमके काय झाले आहे आणि हा व्यायाम कशासाठी आहे?
- दिवसातून किती वेळा आणि एका वेळी किती?
- कोणत्या हालचाली सध्या टाळायच्या?
- किती दुखले तर चालेल आणि केव्हा थांबायचे?
- ओझे उचलणे, शेतातले काम किंवा गाडी चालवणे केव्हापासून सुरू करू?
- पुन्हा दाखवायला केव्हा येऊ?

उत्तरे कागदावर लिहून घ्या. घरातले कोणी सोबत असेल तर त्यांनीही व्यायाम बघून ठेवावा. रोज जाणे परवडत नसेल तर तसे स्पष्ट सांगा. थोड्या भेटींत शिकून घरी करता येईल असा क्रम बसवून मिळू शकतो. सरकारी रुग्णालयातही फिजिओथेरपीची चौकशी करा.

व्यायामानंतर स्नायूंत थोडा ताण जाणवला आणि दुसऱ्या दिवशी ओसरला तर घाबरू नका. दुखणे कमरेतून पायात उतरू लागले, मुंग्या वाढल्या किंवा सांधा सुजला तर थांबा आणि दाखवा. गरोदरपणात, हाडे ठिसूळ असल्यास, नुकती शस्त्रक्रिया झाली असल्यास किंवा हृदयविकार असल्यास आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. नौलीसारख्या क्रिया तर पुस्तक वाचून किंवा व्हिडिओ बघून मुळीच करू नका.

हे दिसल्यास व्यायामाची वाट बघू नका

पुढीलपैकी काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा:

- लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, लघवी अडणे
- बसण्याच्या जागेभोवती आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा
- पायातील ताकद कमी होत जाणे, पाऊल उचलता न येणे
- पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेली तीव्र पाठदुखी
- पाठदुखीसोबत ताप

रात्री झोपेतून उठवणारी वेदना, विनाकारण घटलेले वजन किंवा पूर्वी कर्करोग झालेला असणे, यांपैकी काही असेल तरीही तपासणी लवकर करून घ्या.

मोंढ्यातला तो हमाल आता मुकादमी करतो. गोणी उचलायची वेळ आली तर आधी गुडघे वाकवतो, पोट सावरतो आणि मग उचलतो. मी मात्र तेव्हापासून चिठ्ठीवर व्यायामापुढे मात्रा लिहितो. मला ती ठरवता येत नसेल तर ज्यांना येते त्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवतो. तुमच्या चिठ्ठीवर नुसता व्यायाम करा एवढेच लिहिलेले असेल, तर उठण्यापूर्वी डॉक्टरांना जरूर विचारा: कोणता, किती आणि कोणाच्या देखरेखीखाली?